वाढलेला दिवा

भवानी पेठ, सोलापूर
गड्ड्याची जत्रा मोडली त्याच्या दुसऱ्या दिशी, सन १९३६

व्हय भावजी, काढती की तुमचं नाव. रोज काढती. सकाळी चूळ भरली की पयलं तुमचं नाव, मंग देवाचं. कारडावर एवडी एकच वळ लिवून धाडली तुमी, “आई माजं नाव काढती का?” खाली सही बी न्हाई. मी काय वळखायची न्हाई व्हय? कोंबडीनं उकिरडा उकरल्यागत अक्षर समद्या सोलापुरात एकाच माणसाचं हुतं, ते आता गदगला गेलंय.

शेजारच्या अनवरीचा नवरा होटगीवरनं गदगच्या गाडीवर जातो. त्यानं तुमाला टेसनात बगितलं म्हणं, इंजिनात कोळसा भरताना, दाढीची झुडपं झालेली. ईज नको म्हून कोळसा धरला व्हय? अवो भावजी, ईज कोळशातनंच निगती. आपल्या मिलच्या विजघरात काय शेणकुटं जळत हुती?

बरं, थट्टा ऱ्हाऊ द्या. पर थट्टा केल्याबिगर मला पत्र लिवताच येत न्हाई. कुंभारीच्या शाळंत मास्तरनं मायना शिकिवला हुता, तो मी इसरली. तवा मायन्याबिगरच वाचा.

तुमच्या आईचं, आमच्या आत्याबाईचं, डोळं पार गेलं. तुमी सोलापूर सोडलं तवा ती तुमच्या भनीच्या, मायाक्काच्या, मेंढरांसंगं मंगळवेढ्याच्या रानात हुती. परत आली तवा नुसता उजेड आन अंधार कळायचा. आता तेबी न्हाई. भितीला टेकून चातीवर लोकर कातत बसती. बोटान्ला डोळं फुटल्यागत सूत निगतंय.

आन भावजी, तिला ठावं न्हाई. तुमचं दादा गेलं हे तिला अजून ठावं न्हाई. मायाक्काला मी हात जोडलं. चाळीतल्या बायकांची तोंडं शिवली, लई अवगड काम, मिलच्या शिवणखात्याला बी जमलं नसतं. मायाक्कानं तिला माझ्या दारात आणून सोडलं आन आत्याबाईनं पयलं इचारलं, “माजं दोन्ही ल्योक कुटं हायती गं?” मी उंबऱ्यात उभी. कपाळ मोकळं, गळा मोकळा, हात मोकळं. सांगणारच हुती. तोंडातनं निगालं, “सायबानं लांबच्या विजघरात धाडलंय, दोगान्ला. मोटं काम हाय तितं.”

“बरं,” म्हणली. मंग म्हणली, “तुजा हात का वाजंना?”

आंधळ्या माणसाचं कान बगा! म्हणलं, “भांडी घासताना बांगड्या वाढल्या आत्याबाई. उद्या भरती.”

काच फुटली म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं. माजी वाढून तवा सा म्हैनं झालं हुतं.

दुसऱ्या दिशी अनवरीकडं गेली. बांगड्या इकणारी बाई, पर माजा हात बगून ती मागं सरली. “क्या करती गे राजाबाई? लोगां देखे तो क्या बोलेंगे?” म्हणलं, “लोकं बगत्यात, आत्याबाई ऐकती. मला ऐकणारीचं भ्या हाय.” तिनं एकेक चढवली, हिरवी, आन तोंड भितीकडं करून रडली. मी म्हणलं, “तू रडतीस कशाला, माप तर बराबर बसलंय.”

तवापासनं घरात बांगड्या, भाईर पडताना डब्यात. चाळीतल्या बाया म्हणत्यात, राजाबाई नवरा गेल्यावर घरात नटती. म्हणू द्यात.

आता माजी मसलत ऐका. तुमचा आन तुमच्या दादाचा आवाज एकच हुता. नवी नवरी असताना मी किती येळा फसली, तुमी मागनं “भाकरी वाढ” म्हणायचा आन मी लाजून ताट घिऊन यायची. आठवतंय? तर तुमी या. पयलं दारात उभं ऱ्हाऊन दादा हून हाक मारा, जाड खोकून. मंग भाईर जा, आन बाळासो हून या. एका तिकिटात दोन ल्योक. म्हातारीचं दिस आता लई न्हाईत. तेवडं तरी करा.

पाया पडती म्हणलं असतं, पर नात्यानं मीच थोरली. म्हून कान पिळती. या.

राजाबाई


भवानी पेठ
रंगपंचमीच्या आदल्या दिशी

न्हाई भावजी. तुमी दिवं बगितलं न्हाईत.

तुमी लिवताय, “वैनी, मी माझ्या डोळ्यांनी दिवं काळं बगितलं आन दांडा वडला. दादाला मीच मारलं. आता आईपुढं येऊन दादा हून खोकू व्हय?” ही गोष्ट तुमी सायबाला सांगितली, लोकान्ला सांगितली, गदगच्या देवळात देवाला बी सांगितली असंल. मला सांगू नका. मी दारात हुती.

आता मीच सांगती, तुमी हूं म्हणा.

विजघरात डायनामो दोन. नावं तुमीच ठिवली, थोरला आन धाकटा. सकाळी आन सुट्टीनंतर समदं माग एकदम चालू झालं की थोरल्याला दम लागायचा, मिलभर दिवं पिवळं पडायचं. मंग धाकट्याला जोडीला घ्यायचं. पर दोगांची पावलं एक पडल्याबिगर जोडायचं न्हाई. तुमचं दादा मला समजून सांगायचं, “गड्ड्यातला नंदीध्वज बगितलास न्हवं? एकजण पेलतो, बाकीची दोऱ्या धरत्यात. एकानं बी अवेळी हिसका दिला की एवडा उंच ध्वज माणसांवर येतो. तसंच हाय हे. ताकदीचं काम न्हाई, येळंचं काम हाय.”

ती येळ कळायला फळीवर दोन दिवं, एकाच तारंत ओवलेलं. पावलं चुकत असली की दिवं भडकायचं, जुळत आली की मंदावत मंदावत काळं व्हायचं. काळं झालं की दोगान्ला जोडायचा दांडा वडायचा. तुमचं दादा तिकडं धाकट्यापाशी वाफ कमीजास्त करत उभं. तुमी फळीपाशी, डोळं काट्यावर. आन दिव्याकडं बगणारा तुमच्या मागनं वरडायचा.

काय वरडायचा? इजला? दिव्याला इजला म्हणलं तर आपल्या आयांनी तोंडावर मारलं असतं. म्हून समदी वरडायची, “वाढला!” वाढला की दांडा. आन हे आपल्यातच न्हाई. विजघरातला ईरप्पा अक्कलकोटकडचा कानडी, त्येच्या घरात दिवा मोटा करत्यात. अनवरीच्या घरात चिराग बढावत्यात. कुणाच्याच बोलीत दिवा मरत न्हाई भावजी. दिवा वाढतो, बांगडी वाढती, कुंकू वाढतं. माणूसच तेवडं मरतं.

त्या दिशी दिव्याकडं बगणारा पाणी प्याया गेला हुता. मी कांडीखात्यातनं सुट्टी झाल्यावर तुमा दोगांची भाकरी घिऊन दारात आली. बगते तर एका दिव्यातली तार तुटून लोंबत हुती. एकाच तारंतलं दोन, एक गेला की दुसरा बी आंधळा. दोन्ही काळं. मला वाटलं, लई शाणं समजत्यात सवताला, दिवा खलास झालाय आन पत्ता न्हाई! थट्टा सुचली. मोट्यानं म्हणलं,

“भावजी, तुमचा दिवा वाढलाय की वो!”

घरातला शब्द हुता तो. तुमी त्यो विजघरातला ऐकला. मागं वळून बी बगितलं न्हाई, दांडा वडला.

धाकट्यानं आचका दिला, आन तुमचं दादा त्येच्यापाशीच उभं हुतं. पुढचं लिवत न्हाई. मिल काळी झाली. माग थांबलं. एवडी शांत मिल मी कवा ऐकली न्हवती. माझ्या हातात भाकरीचं फडकं तसंच हुतं.

सायब पळत आला. तितंच, दादा खाली पडलेलं असताना, त्यानं इचारलं, “दिवं काळं हायती असं तुला कुणी सांगितलं?” तुमी एकदा माझ्याकडं बगितलं. म्हणला, “कुणी न्हाई. मी सवताच बगितलं.”

मी दारात. सोलापुरात माझ्याएवडं बोलणारी बाई न्हाई, आन माजं तोंड उगडलं न्हाई.

मातीला बी तुमी थांबला न्हाई. लोकं म्हणली, भावाला मारून पळाला. मी ते बी ऐकून घेतलं.

तवा आता मला “मीच मारलं” लिवू नका. तुमचा हात आन माजं तोंड. अर्धं अर्धं वाटून घिऊ. दीर-भावजयीत वाटणी हुतीच की.

आत्याबाई रोज इचारती, बाळासोला शेंगाची चटणी धाडली का. अनवरीच्या नवऱ्यासंगं धाडलीय. तिखाट तिनं सवता चाखून घातलंय, म्हून तुमी रडला तर तिखटानं रडला असंच मी सांगन.

या.

राजाबाई


भवानी पेठ
अकितीच्या सणाच्या आदल्या दिशी

पत्राला उशीर झाला म्हून रागावू नका. कोळशात इजार फाटली असंल तुमची, राग तिच्यावर काढा.

तुमी इचारलंय, सायबानं मला कुटं घातलंय. विजघरात, भावजी. कांडीखात्यातनं काढून तितंच. नवऱ्याच्या जागी म्हणं. नवऱ्याच्या जागी म्हंजी झाडायला, आन काट्यांच्या काचा पुसायला. पयल्या दिशी फरशी झाडताना ती जागा आली. झाडू थांबला. ईरप्पा आता फळीवर असतो, तुमच्या जागी. त्येनं बगितलं, येऊन माझ्या हातातला झाडू घेतला आन तेवडी फरशी त्येनं झाडली. अजून तेवडी त्योच झाडतो.

आता लई नवं नवं आलंय हितं. एक घड्याळागत काटा आलाय, दोगांची पावलं जुळली की बाराच्या जागी उभा ऱ्हातो. एक पेटी आलीय लोकंडाची. कुटं भार उलटा झाला, तारंला तार लागली, की माणसाच्या आदी त्या पेटीतला खटका आपसूक पडतो आन तेवडंच तोडून मोकळा हुतो. माणसाला इचारत बी न्हाई. आन भितीवर पाटी लावलीय, “दिवा वाढला असे म्हणू नये. काळा म्हणावे.” मी रोज ती पाटी पुसती. सायबाला ते वाढलाचं कुणी सांगितलं ठावं न्हाई, मी न्हाई सांगितलं.

समदं आलं भावजी. फकस्त येळंवर आलं न्हाई.

गेल्या आठवड्यात त्यो घड्याळाचा काटा बिगडला, पेटीसकट दुरुस्तीला मुंबईला धाडला. पुन्हा दोन दिव्यांवर काम. परवा सकाळी माग चालू झालं, थोरला कण्हाय लागला, ईरप्पानं धाकट्याला फिरवाय सुरू केलं. दिवं बगणारा वरडला, “काळा!” मी काच पुसत हुती. वर बगितलं. दिवं काळं हुतं, पर मंदावत मंदावत काळं झालं न्हवतं, एकदम. आन आतली तार लोंबत हुती. तश्शीच. ईरप्पाचा हात दांड्यावर.

माज्या तोंडात आलं “वाढलाय”. जिबंवर आलं. मी ते गिळलं आन वरडली,

“मेलाय! दिवा मेलाय! मेला, मेला, हात काढ!”

ईरप्पानं निखारा लागल्यागत हात काढला. समदं विजघर माझ्याकडं बगाय लागलं. ईरप्पा म्हणला, “यव्वा! सकाळ सकाळी काय मेला मेला लावलीस बाई?” मी दिव्याकडं बोट केलं. त्येनं बगितलं. तोंड पांढरं झालं त्येचं. मंग नवा दिवा बसिवला, पावलं जुळू दिली, दांडा वडला. काय बी झालं न्हाई. धाकटा गुमान थोरल्याच्या पावलात पाऊल टाकाय लागला. मिलभर दिवं पांढरं झालं. कुणाला बी कळलं न्हाई की काय व्हणार हुतं.

सुट्टीत ईरप्पानं मला चा पाजला. म्हणला, “बाई, मला घरात चार खाणारी हायती. मेला म्हणालीस म्हून माजी नोकरी ऱ्हायली, आन धाकट्यापाशी उभा माणूस बी.”

एवडंच म्हणायचं हुतं, भावजी. एक शब्द. एवडासा वंगाळ शब्द. त्या दिशी मी शहाणी बाई, चांगल्या वळणाची, दिव्याला मेला म्हणली न्हाई. जरा वंगाळ वळणाची असती तर तुमचं दादा आज मला भाकरी करपली म्हून शिव्या देत असतं.

तवापासनं जीभ सैल झालीय माजी. एकदा म्हणायला आलं की

असू द्या. पीठ मळायचं हाय.

बांगड्या मी काढून डब्यात ठिवल्यात. उन्हाळ्यात घामानं हाताला रुतत्यात. आत्याबाई दोन दिस जेवली न्हाई, पर उन्हाळ्यात जेवण जातच न्हाई कुणाला. चाती बी खाली ठिवलीय तिनं. म्हणती, लोकरीचा वास सोसवंना.

तुमी खोकायचा सराव करा न्हाईतर नका करू. तुमची मर्जी.

राजाबाई


भवानी पेठ
वटपुनव

आत्याबाई बरी हाय. किती इचारता? बरी हाय.

निजूनच असती. नाव काढत न्हाई आता, तुमचं बी न्हाई, देवाचं बी न्हाई. म्हातारपणात माणूस इसरतं.

आज बाया वडाला सूत गुंडाळाय चालल्यात. खालच्या अंबुबाईनं मला बगून पदर सावरला आन दुसऱ्या बाजूनं गेली. मी म्हणलं, “अंबुबाई, भिऊ नकोस, तुज्या नवऱ्याला माजी नजर लागायची न्हाई, त्येच्याकडं बगण्यासारकं हाय काय?” ती हासली न्हाई. मला बी हासू आलं न्हाई. पयलं असं व्हायचं न्हाई, सवताच्या थट्टंला मी तरी हासायची.

आत्याबाईनं कातलेली लोकर कोपऱ्यात पडलीय. एका घोंगड्यापुरती हुईल असं वाटलं हुतं. हुईना. जरा कमी पडती.

इतक्यात येऊ नका. ऊन लई हाय.

राजाबाई


भवानी पेठ
बेंदराच्या सणाच्या दुसऱ्या दिशी

नका काढू तिकीट, भावजी. काढलं असंल तर परत द्या. रजा मिळाली म्हून एवडं मोटं पत्र लिवलं तुमी, पयल्यांदाच खाली सही करून, आन मी ते चुलीपुढं बसून वाचलं आन वाचून तितंच बसली. चूल पेटवायची ऱ्हाऊन गेली.

तुमी लिवताय, “वैनी, रोज कोळशाच्या ढिगामागं जाऊन दादासारकं खोकून बगतो. संगतीची माणसं म्हणत्यात, बाळासोला दम्मा लागला. आता जमतंय. पयलं दादा हून येतो, तुमी सांगितल्यापरमाणं, आन मंग माझ्या आवाजात. आईच्या पायावर डोकं ठिवतो. मंग ती मारू दे न्हाईतर काय बी करू दे.”

ज्या माणसानं आयुष्यात कुणाची नक्कल केली ती नुसती मला चिडवायला, त्यो माणूस कोळशाच्या ढिगामागं खोकत उभा हाय. माजीच मसलत. माज्या मसलती अशाच.

कुणाला दावणार खोकून, भावजी? आत्याबाई न्हाई. वटपुनवेच्या आदीच गेली. मागलं पत्र लिवलं तवा खोली मोकळीच हुती. निजून असती म्हणून लिवलं, ते खोटं. म्हंजी निजलीच की, पर आपल्या कुंभारीच्या मातीत.

तुमाला तार केली न्हाई. अनवरीचा नवरा म्हणला, मी जातो, सांगतो, घिऊन येतो. मी त्येला जाऊ दिलं न्हाई. का, ते आता सांगती.

ज्या दिशी मी विजघरात मेला मेला वरडली, त्याच दिशी घरी आली. बांगड्या चढवल्या. आत्याबाई भितीला टेकून कातत हुती. रोजच्यागत म्हणली, “माज्या सिदूचं पत्र आलं का गं?” रोज मी म्हणायची, उद्या येईल. त्या दिशी तोंडाला खोटं बोलायचा कंटाळा आला. लगीन झाल्यापासनं मी तुमच्या दादाचं नाव घेतलं न्हवतं, उखाण्यात घेतलं तेवडंच. म्हणलं,

“सिदू मेला, आत्याबाई. गेल्या सालीच मेला.”

चाती थांबली. फिरता फिरता थांबली, पडली न्हाई. आत्याबाईनं तिला हातात धरून ठिवली. मला वाटलं, रडंल, मंग मी बी रडन, मंग दोगी मिळून भाकरी खाऊ. तेवडंच मला पायजे हुतं. किती दिस मी एकटीच रडत हुती, तिला ऐकू जाऊ नये म्हून तोंडात पदर कोंबून.

ती म्हणली, “कशानं?”

“डायनामोनं आचका दिला. त्यो बाजूलाच हुता.”

“आचका कशानं दिला?”

“दांडा अवेळी वडला गेला.”

“कुणी वडला?”

हितं मी थांबली. खरंच थांबली, भावजी. तिचा हात माझ्या हातावर आला, बांगड्यांवर. एकेक बांगडी तिनं बोटानं मोजल्यागत सरकवली. तिला ऐकू येत हुतं न्हवं, कधीपासनं कुणास ठावं, की ह्या बांगड्या खोट्या वाजत्यात.

“कुणी वडला, राजा?”

म्हणलं, “बाळासोनं.”

तिनं हात काढून घेतला. भितीकडं तोंड केलं. म्हणली, “मंग माजं दोन्ही गेलं.” तवापासनं अन्नाला शिवली न्हाई. मी भाकरी कुसकरून दुधात कालवली, तोंडाला लावली, अनवरीनं शिरखुर्मा आणला, मायाक्का येऊन पाया पडली. तोंड उगडलं न्हाई. एकदाच उगडलं, मला सांगायला, “त्येला माज्या मातीला येऊ देऊ नको.”

म्हून तार न्हाई. म्हून येऊ नका. आता येऊन तुमी कुणाच्या पायावर डोकं ठिवणार? माज्या ठिवाल. आन मला ते चालंल असं मला वाटाय लागलं, एकटीला ही खोली खायला उठती, तवा कुणी बी आलेलं चालंल, असं वाटून मी कालपतूर गप्प बसणार हुती. तुमी यावं, मी शेंगाची चटणी वाढावी, आन म्हणावं, आई शांत गेली, तुमचं नाव घेत गेली.

सकाळी विजघरात काच पुसताना त्या पाटीकडं बगितलं, काळं असंल त्येला काळंच म्हणावं म्हणती ती, आन घरी येऊन लिवाय बसली.

एक ऱ्हायलं. बाळासोनं वडला म्हणल्यावर आत्याबाई लगीच भितीकडं वळली न्हाई. मदी एक सवाल तिनं इचारला, तो वर मी लिवला न्हाई. आईच ती. तिनं तुमाला भाईर काढायला वाट शोधली. म्हणली, “माजा बाळासो असा धांदरट न्हाई गं. त्येला वड म्हून कुणी सांगितलं?”

मी म्हणलं, “कुणी न्हाई. त्यानं सवताच बगितलं.”